आलेखातले खड्डे

मी एका माणसाला चोर ठरवलं. तो समोर नव्हता, त्याचं नावही मला ठाऊक नव्हतं. पण त्याची मुलगी वर्गात खिडकीजवळ बसली होती आणि मी जे बोललो ते तिनं मान खाली घालून ऐकलं. दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'क्लासमधले गमतीदार अनुभव लिहा' असं सांगितलं तेव्हा मी आनंदानं हो म्हणालो होतो. चार गमती लिहूनही काढल्या. पण ही गोष्ट टाळून बाकीचं लिहिलं तर ते सगळंच खोटं पडेल, असं वाटायला लागलं. म्हणून आधी हे सांगून टाकतो.

भवानी पेठेत एका सुताच्या दुकानाच्या वर माझा क्लास आहे. मागच्या बोळात यंत्रमाग आहेत. त्यांची खटखट भिंतीतून दिवसभर येते. नव्या मुलांना सुरुवातीला माझं बोलणं ऐकू येत नाही. पुढं पुढं त्यांना माग ऐकू येत नाहीत. बाहेरच्या पाटीवर 'आर्थिक माहितीचं विश्लेषण : प्रत्यक्ष सरावातून' असं लिहिलेलं आहे. पाटी खोलीपेक्षा मोठी आहे, असं मुलं म्हणतात.

यात नेमकं काय शिकवतात, असं लोक विचारतात. सोपं आहे. दुकानाची विक्री, पतसंस्थेचा भरणा, मेसचा खर्च, काहीही घ्या. त्याचे आकडे संगणकावर रांगेत लावायचे, त्यांचा आलेख काढायचा आणि त्या रांगेत वेगळा उभा असलेला आकडा शोधायचा. मग तो वेगळा का उभा आहे हे शोधायचं. यातलं पहिलं मला फार चांगलं येतं. दुसरंही येतं, अशी माझी समजूत होती.

पुस्तकातली उदाहरणं परदेशी कंपन्यांची, डॉलरमधली. ती उघडली की मुलं जांभया देतात. म्हणून मी पद्धत पाडली : आपापल्या घरचे आकडे आणा. कुणाचा बाप टॉवेलच्या कारखान्यात, कुणाची आई चटण्या विकते, कुणाचं किराणा दुकान. स्वतःच्या घरचा आकडा पडद्यावर दिसला की मुलगा ताठ बसतो. मात्र कुणाला लाज वाटू नये म्हणून नियम असा, की फाइलवर नाव घालायचं नाही, फक्त क्रमांक. चिठ्ठी उचलून मी कुठलीही एक फाइल उघडायची. ती कुणाची, हे मलाही माहीत नसायचं. या नियमाचा मला अभिमान होता.

गमतीही व्हायच्या. एका कारखानदाराच्या मुलानं नगांच्या रकान्यात 'दोन गठ्ठे, एक ओला' असं लिहून आणलं. संगणक त्याची बेरीज करेना. मी म्हटलं, "अरे, इथं फक्त आकडा लिहायचा. दोन." तो म्हणाला, "सर, ओला गठ्ठा परत येतो की. त्याला दोन कसं म्हणू?" वर्ग हसला, मीही हसलो आणि ते 'ओला' पुसून टाकलं. दुसरे एक कारखानदार स्वतःच आले. त्यांना कर्जासाठी बँकेत आलेख द्यायचा होता.

"सर, रेघ जरा वर जाईल असं करा की."

"शेठ, विक्री खाली चाललीय. रेघ वर कशी जाईल?"

"मग कागद उलटा धरून काढा!"

माझ्या मागं फळ्याच्या वर मी मोठ्या अक्षरांत एक ओळ रंगवून घेतली होती : आधी आकडा, मग माणूस. माणसं भिडेखातर बोलतात, आकडा भीड धरत नाही, असा त्याचा अर्थ मी पहिल्याच तासाला सांगायचो.

त्या दिवशी चिठ्ठीत जी फाइल निघाली ती पिग्मी एजंटाची होती. पिग्मी म्हणजे रोज थोडी थोडी बचत. एजंट दुकानोदुकानी फिरतो, कुणाकडून पन्नास, कुणाकडून शंभर घेतो, हातातल्या छोट्या मशीनमधून पावती देतो आणि जमलेले पैसे पतसंस्थेत भरतो. फाइलमध्ये कुणा खातेदाराचं नाव नव्हतं. तारीख आणि त्या दिवशी एकूण किती जमले, एवढंच. मी आलेख काढला. रेघ छान सपाट चालली होती आणि मध्येच खड्डा. एका दिवशी रक्कम जवळपास काहीच नाही. दुसऱ्या दिवशी दुप्पट. मग पुन्हा सपाट, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तसाच खड्डा.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"आजारी पडला असंल, सर," अंबादास म्हणाला. अंबादास विणकरांच्या घरातला, घरी तेलुगू बोलणारा, वर्गातला सगळ्यात बोलका मुलगा.

"दर महिन्याला एकच दिवस आजारी? आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट ताकद?"

वर्ग हसला. मला चेव आला. मी वारांप्रमाणे मांडणी केली : काही जुळेना. एकदा खड्डा सोमवारी, एकदा शुक्रवारी. तारखांप्रमाणे केली : तीही दर महिन्याला सरकत होती. तेव्हा मी खडू खाली ठेवला आणि जे बोललो ते मला आजही शब्दशः आठवतं.

"हा माणूस हुशार आहे. त्या दिवशी पैसे घेतो, पण पावती करत नाही. एक दिवस ते पैसे स्वतःसाठी फिरवतो आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही दिवसांचे मिळून भरतो. सापडू नये म्हणून वार बदलतो, तारीख बदलतो. साधा माणूस असता तर ठरावीक दिवशी केलं असतं. दिवस बदलतो तोच पक्का चोर."

"पकडला बे!" मागून कुणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या. मी त्या घेतल्या.

दुसऱ्या दिवसापासून खिडकीजवळ बसणारी भाग्यश्री यायची बंद झाली. ती दुधनीहून रोज रेल्वेनं यायची. दुधनी म्हणजे अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीवरचं बाजाराचं गाव. तिथली मुलं गाडी चुकली की दोन-चार दिवस येत नाहीत, म्हणून मी लक्ष दिलं नाही. दोन आठवडे गेल्यावर अंबादास वर्ग सुटल्यावर मागं रेंगाळला.

"सर, एक बोलू का? रागावू नका. ती पिग्मीची फाइल भाग्यश्रीची होती. तिचे आप्पा एजंट हायत."

मी खुर्चीत बसलो. मागांची खटखट तेव्हा मला पुन्हा ऐकू यायला लागली.

मी तिला फोन केला. उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. संध्याकाळी तिचा निरोप आला : 'सर, तुमचं बरोबर आहे. मी आता येणार नाही.' हे वाचून मी घाबरलो. तिनं भांडण केलं असतं तर बरं वाटलं असतं. पण तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता. मी शिकवलेलं तिला पटलं होतं, आणि ते तिच्या बापाबद्दल होतं. तेव्हाही मी स्वतःची समजूत घातली, की बोललो ते कठोर होतं पण खोटं नव्हतं.

तो आधारही फार दिवस टिकला नाही. सांगोल्याकडच्या एका मुलाची फी राहिली होती. त्यांच्या घरी मेंढरं आहेत, पैसे येतात तसे देतात. मी त्याच्या वडिलांना फोन लावला.

"देतो की सर, पळून चाललो न्हाय," ते हसत म्हणाले. "पर आज न्हाय. उद्या सकाळी."

"पोराच्या मोबाइलवरून पाठवा ना. एका मिनिटाचं काम."

"सर, आज अवस हाय! अवसंला घरातली लक्ष्मी भाईर काढत न्हाईत. मोबाइलवरनं गेली तरी लक्ष्मीच की ती. उद्या घ्या, दोन हप्ते संगट घ्या."

मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. दोन हप्ते संगट. एक दिवस काही नाही, दुसऱ्या दिवशी दुप्पट.

भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं. अमावस्येच्या चौकोनात काळी टिकली असते. ती फाइल उघडली आणि एकेक खड्डा एकेका टिकलीशी लावत गेलो. जुळला. पुढचा जुळला. एक खड्डा एक दिवस आधी पडला होता. बारीक अक्षरांत पाहिलं, तर त्या महिन्यात अमावस्या आदल्या दिवशी सकाळीच लागत होती. अमावस्येचा दिवस वारानं चालत नाही आणि इंग्रजी तारखेनंही नाही, म्हणून तो सरकत होता. ज्याला मी चोराची हुशारी म्हणालो होतो ती चंद्राची चाल होती.

मला हे माहीत नव्हतं असं नाही, याचीच लाज वाटते. माझी आई अमावस्येला दूधवाल्याला पैसे द्यायची नाही. खालच्या सूतवाल्याकडं अमावस्येला उधारी मागायला कुणी जात नाही, हे मी रोज जिना चढता-उतरता पाहिलेलं. पण संगणकापुढं बसलो, की मी घरातलं कॅलेंडर विसरायचो.

आता इथं लिहायला हात अडतो. हे कळलं त्याच क्षणी भाग्यश्रीला एक ओळ पाठवायची होती. 'आप्पा निर्दोष आहेत.' एवढीच. मी ती लिहिली आणि पुसली. पुन्हा लिहिली, पुन्हा पुसली. शहरातल्या एका महाविद्यालयाशी माझं बोलणं चालू होतं. त्यांची मुलं माझ्याकडं येणार होती. सरांना साधी अमावस्या कळली नाही, ही बातमी अंबादासच्या तोंडून पेठेत फिरायला किती वेळ लागणार? मी स्वतःला म्हणायचो, की हे फोनवर सांगण्यासारखं नाही, भेटून सांगू. आणि भेटायला जायचो नाही. अनोळखी नंबर दिसला की वाटायचं, पोलीस, किंवा दुधनीहून कुणीतरी. मुलं काय, काहीही करून बसतात. शिकवताना फळ्यावरची ती ओळ पाठीला टोचायची.

आणि मग एके दिवशी दुपारी जिन्यात चपलांचा आवाज झाला. पांढरा पायजमा-सदरा, कपाळाला भस्म, खांद्याला कातडी पिशवी, पिशवीतून डोकावणारं पिग्मीचं मशीन.

"नमस्कार सर. मी मलकप्पा. भाग्यश्रीचा बाप."

वाटलं, सगळं कळलं यांना. मी उभा राहिलो तर ते म्हणाले, "बसा की सर, बसा. तुमी गुरू. मी उभाच बरा."

पण त्यांना काहीच कळलेलं नव्हतं.

"पोरगी बोलंना झाली सर. माज्याशी एक शबूद न्हाय. फीचे पैसे दिले तर हात लावत न्हाय. म्हणती, तुमचे पैसे नको. अक्कलकोटात कापडाच्या दुकानात कामाला जाती म्हणती. मी काय केलं सर? तिच्या आवीनं, आईनं विचारलं, तर रडती." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "खरं सांगा. क्लासात कुनी पोरगं-बिरगं हाय का? असंल तर मी मारनार न्हाय. जात बी विचारनार न्हाय, आईची शपथ. फकस्त कळू द्या मला."

तो माणूस पोरीसाठी कुठल्याही गोष्टीला तयार होऊन आला होता. खरं कारण माझ्या जिभेवर होतं.

मी म्हणालो, "तसं काही नाही. वर्गात तर काहीच झालं नाही."

"काईच न्हाय?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. पिशवीतून स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला. "शेंगाची चटणी हाय. तिच्या आवीनं दिली." जिन्याकडं वळताना थांबले आणि मला बरं वाटावं म्हणून की काय, हसले. "तुमचं बी एक खातं काढू का सर? रोज पन्नास. कळत बी न्हाय." मग हसू मावळलं. "जाऊ द्या. पोरगी सांजच्याला स्टेशनात बाकड्यावर जाऊन बसती सर. रुळाकडं बघत. मला भ्याव वाटतंय."

ते गेले. डबा तसाच राहिला. त्याच्याकडं बघताना माझ्या लक्षात आलं, की पहिली चूक अजाणता झाली होती. ही नाही.

दुसऱ्या दिवशी क्लासला कुलूप लावून मी गाडीत बसलो. अक्कलकोट रोड स्टेशन मागं पडलं. दुधनी जवळ आली असेल तेव्हा गाडी एकाएकी कचकन थांबली. स्टेशन नव्हतं, दोन्ही बाजूंना तुरीची रानं. डब्यातली माणसं दारात गर्दी करून पुढं बघायला लागली.

"काय झालं?"

"कोन तरी हाय रुळावर."

"कोन?"

"दिसंना. लोकं पळाल्यात तिकडं."

मी दाराकडं जायला उठणार होतो, पण जागेवरच राहिलो. दोन्ही हातांनी समोरची दांडी धरली. बाकड्यावर बसलेली ती, रुळाकडं बघणारी ती, 'सर, तुमचं बरोबर आहे' लिहिणारी ती. एक ओळ पाठवायला मला किती दिवस मिळाले होते! कुठल्याही देवाचं नाव आठवेना. फक्त 'नको, नको' एवढंच मनात चाललं होतं.

दारातला एक माणूस हसून मागं वळला. "म्हशी हायत ओ म्हशी! धा-बारा एका रांगेत. जशी काय त्यांचीच गाडी लेट हाय."

सगळा डबा हसला. शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "काय हो, बरं वाटंना का? पानी घ्या." मी त्यांचं पाणी प्यालो. निम्मं शर्टावर सांडलं.

दुधनीच्या फलाटावर ती खरंच बाकड्यावर बसलेली होती. मला बघून उठली. बारीक झाली होती.

"सर, तुम्ही?"

मी तिथंच उभ्या उभ्या सांगायला लागलो. नीट वाक्यं जुळेनात. कॅलेंडर, काळ्या टिकल्या, सांगोल्याचा पालक, दोन हप्ते संगट. ती ऐकत होती. मध्येच तिनं तोंडावर हात धरला.

"अमाशी," ती म्हणाली. त्यांच्या घरी कन्नडमध्ये अमावस्येला तेच म्हणतात. "सर, आमच्या घरात अमाशीला शेजारच्यांना विरजण पण देत नाहीत. मला कसं सुचलं नाही?"

"मला सुचायला हवं होतं. तुला नाही."

"मी त्यांना विचारलंच नाही, सर. रोज ठरवायचे विचारायचं म्हणून. पण विचारलं आणि ते 'व्हय' म्हणाले असते तर?" ती रडायला लागली. "आप्पा पिशवी घेऊन बाहेर पडले, की मला वाटायचं, आज असेल तो दिवस."

मी म्हणालो, "आता कळलं ना? आता घरी जा, बोल त्यांच्याशी. त्यांना हे सगळं सांगायची गरजही नाही. उगीच दुखावतील."

हे मी तिच्या बापाच्या काळजीनं म्हणालो, असं मला तेव्हा वाटलं होतं. तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडं नीट बघितलं.

"सर, मी काय सांगू त्यांना? इतके दिवस का बोलले नाही म्हणून? मी तर तुमचं खरं मानलं. तुम्ही चला. तुम्ही सांगा."

घर जवळच होतं. वाटेत मी दोनदा थांबलो. ती दोन्ही वेळा थांबून राहिली. मलकप्पा ओट्यावर बसून मशीनला चार्जर लावत होते. मला पाहून गडबडीनं उठले.

"बर्री सर, बर्री! या, या. कूड्री, बसा," असं म्हणत त्यांनी सतरंजी झटकली. "आवी, सर आल्यात बघ, चहा ठेव." मग माझ्या मागं उभ्या असलेल्या मुलीकडं त्यांचं लक्ष गेलं, तिच्या रडलेल्या डोळ्यांकडं गेलं आणि त्यांचा झटकणारा हात थांबला. "काय झालं?"

मी सतरंजीवर बसलो नाही.

"मलकप्पा," मी म्हणालो, "भाग्यश्रीनं तुमच्या भरण्याचे आकडे वर्गात आणले होते. अमावस्येला लोक पैसे देत नाहीत, ते मी विसरलो, आणि सगळ्यांसमोर म्हणालो, की हा माणूस पैसे फिरवतो, हा चोर आहे. तुमची मुलगी तिथं बसली होती. तिनं माझं ऐकलं, यात तिचा दोष नाही. तुम्ही चोर नाही. उद्या मी त्याच वर्गात, त्याच पडद्यावर हे सांगणार आहे. माझं चुकलं. मला क्षमा करा."

ते मुलीकडं बघत होते. मी तिथंच थांबू शकलो असतो.

"आणि अजून एक. तुम्ही माझ्याकडं विचारायला आलात, चटणी घेऊन, त्या दिवशी मला हे सगळं माहीत होतं. तरी मी 'काही झालं नाही' म्हणालो. त्याचीही क्षमा मागतो. त्याची जास्त."